सुईणमावशीचं नाक

छिन्नीताईच्या शेडमध्ये अनवाणी पाऊल टाकायची सोय नव्हती. जमिनीवर दगडाच्या कपच्यांचा असा सडा पडलेला असायचा, की मांजरसुद्धा भिंतीच्या कडेकडेनं, एकेक पंजा उचलत, रागारागानं चालायचं. कधीकाळी हा गुरांचा गोठा होता. गव्हाणी काढल्या, ट्रॅक्टर आत येईल एवढं दार केलं, छपराला उत्तरेच्या बाजूनं काचा बसवल्या, वरच्या तुळईला साखळीची कप्पी टांगली आणि झाली शेड. गाईंचा वास मात्र पावसाळी हवेत अजून यायचा. छिन्नीताईला तो आवडायचा. ती म्हणायची, दगडालाही जरा सोबत.

शेडच्या कोपऱ्यात नवऱ्याची भट्टी होती. नवरा लोहार. आदल्या दिवशी बोथटलेल्या छिन्न्या तो सकाळी लालबुंद करायचा, ठोकून त्यांना टोक काढायचा आणि पाण्यात बुडवायचा. पाण्यानं चुर्रर्र केलं की छिन्नीताई समजायची, दिवस सुरू झाला. लग्नाला आता इतकी वर्षं झाली होती, की दोघांची भांडणंही हातोडीच्या ठेक्यात बसायची. तिचा एक ठोका, त्याचा एक ठोका, मध्ये एखादा टोमणा, आणि पुन्हा समेवर येऊन दोघंही हसायची.

नवा दगड आला, की ती त्याच्यावर तळहात ठेवून देवाचं नाव घ्यायची आणि लगेच हातोडीनं त्याला टिचकी मारून बघायची. खणखणीत आवाज आला तर दगड एकसंध, बद्द आला तर आत कुठंतरी चीर. "अगं, देवाचं नाव घेतलंस ना? मग टिचकी कशाला?" लोहार विचारायचा. ती म्हणायची, "नाव देवासाठी, टिचकी दगडासाठी. देवावर माझा पूर्ण विश्वास आहे, दगडावर अर्धा."

अशा ह्या बाईकडे गावानं सुईणमावशीचा पुतळा करायला दिला.

गावात दवाखाना आला त्याच्या आधी, आणि आल्यावरही बरीच वर्षं, जगात यायचं तर सुईणमावशीच्या हातांतूनच यावं लागायचं. दुसरा रस्ताच नव्हता. मास्तर तिच्याच हातांत आले, पोस्टमन आला, छिन्नीताई आली, आणि पाय आधी बाहेर काढून सगळ्यांना घाबरवत लोहारही आला. मावशी जाऊन आता दोन पावसाळे झाले होते. दवाखान्याला नवं अंगण झालं तेव्हा सगळ्यांच्या मनात एकाच वेळी आलं, की इथं मावशी हवी. उभी, हातात नुकतं जन्मलेलं बाळ, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघणारी.

अडचण एवढीच, की मावशीचा फोटो नव्हता. एकही नाही. फोटो काढणारा आला, की "माझं दूध उतू चाललंय" म्हणून बाई मागल्या दारानं पसार व्हायची. शाळेच्या एका जुन्या फोटोत ती आहे असं सगळे सांगायचे. पण त्यात होती ती फक्त पाठ, तीही चौकटीतून अर्धी बाहेर पडलेली.

मावशीची एकुलती एक मुलगी गावातच शिवणकाम करायची. छिन्नीताईची ती लहानपणची मैत्रीण. दोघी एकाच झाडावरून पडून मोठ्या झालेल्या. पुतळ्याचं ठरलं त्या दिवशी शिंपीण गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून शेडमध्ये आली आणि कपच्या पायानं बाजूला सारत म्हणाली, "मला एकच सांग. आई मला ओळखू येईल?"

"येईल की."

"तसं नाही गं. मला खरंच विचारायचंय. तिचे हात आठवतात, आवाज आठवतो, पावलांचा आवाजसुद्धा आठवतो. चेहरा मात्र धरायला जावं तर निसटतो. साबणासारखा. मला कुणाला सांगायचीही लाज वाटते. स्वतःच्या आईचा चेहरा विसरते का कुणी?"

छिन्नीताईनं धुळीनं माखलेले हात तिच्या दोन्ही खांद्यांवर ठेवले. पांढरे पंजे उमटले. "तुझी आई तुला ओळखू येईल. हा माझा शब्द. नाही आली, तर हा दगड मी स्वतः पाठीवर घालून खाणीत परत नेऊन ठेवीन."

"पाठीवर? चार माणसांना हलत नाही तो."

"म्हणूनच तर म्हणते, ओळखू येईल."

शब्द देताना तिला भीती वाटली नाही. भीती मागाहून आली, आणि आली ती चांगली बिछाना घेऊन राहायलाच आली.

सुरुवातीला काम झकास चाललं. दगड राखाडी, बारीक दाण्याचा, टिचकीला घंटेसारखा बोलणारा. मोठ्या छिन्नीनं तिनं वरचा फालतू भाग उडवला, आतून खांदे आले, शालीची घडी आली, बाळ आलं. आणि मग हात आले. त्या हातांचं तिलाच नवल वाटायचं. रुंद तळवे, आखूड बोटं, अंगठा जरा बाहेर. बाळाच्या डोक्याखाली एक हात असा गेला होता, की बघणाऱ्याला स्वतःची मान टेकवावीशी वाटावी. हे काही आपण केलं नाही, देवानं आपल्या मनगटाला धरून करून घेतलं, असं तिनं मनोमन ठरवून टाकलं आणि त्या दिवशी लवकर काम थांबवून गात गात घरी गेली.

मग चेहऱ्याची पाळी आली.

आता दगडाच्या चेहऱ्याचा एक नेम असतो. नाक आधी मोठं ठेवायचं आणि डोळे लहान. का? तर मोठं नाक मागाहून लहान करता येतं, लहान डोळे मागाहून मोठे करता येतात. उलट केलंत तर संपलं. दगडातून काढता येतं, दगडात घालता येत नाही. छिन्नीताईनंही नेमाप्रमाणे मावशीला एक भलंमोठं नाक ठेवलं, कुदळीच्या दांड्यासारखं, आणि ते हळूहळू उतरवत न्यायचं ठरवलं. पण उन्हाळ्याचे दिवस होते, दार सताड उघडं होतं, आणि नेमके तेव्हाच मास्तर फिरायला निघाले.

मास्तर निवृत्त झाले होते, पण गावाला शिकवायचे थांबले नव्हते. ते दारात उभे राहिले, चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"पोरी, हे नाक आहे की दाराचा अडसर?"

"मास्तर, ते अजून व्हायचंय."

"व्हायचंय कुठं? झालंय की! जरा जास्तच झालंय. अगं, मावशीचं नाक सरळ, नाजूक. भिंतीला भिंत लागून राहिलोय मी तिच्या. जन्मभर बघितलंय."

छिन्नीताईत एकच खोट होती. एवढा कठीण दगड फोडणाऱ्या ह्या बाईच्या तोंडातून 'नाही' हा एक शब्द काही केल्या फुटायचा नाही. त्यातून मास्तरांनी तिला पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला शिकवलेलं. तिनं बारीक छिन्नी घेतली आणि मास्तरांच्या देखत नाक दोन्ही बाजूंनी उतरवलं. मास्तर प्रसन्न होऊन गेले. जाताना वाटेत भेटेल त्याला सांगत गेले, की चेहऱ्याचं काम आता मार्गी लावून दिलं आहे.

झालं! गावाला कळलं, की शेडमध्ये नाक बदलून मिळतं.

पोस्टमन आला. सायकल दाराला टेकवली आणि टपाल द्यायच्या आधीच म्हणाला, "ताई, राग मानू नका, पण टोकाला बाक होता. पोपटासारखा. पत्र वाचून दाखवायचो ना मी तिला? ती मान अशी बाजूला करून ऐकायची. मला दिसायचा तो बाक."

"थोडाच होता का हो?"

"थोडा कसला! चांगला होता."

मग टोकाखालचा दगड गेला. तो जातोय न जातोय तोच दुकानवाल्या काकू पदराखाली काहीतरी झाकून, म्हणजे केवळ निमित्त म्हणून, आल्या. "ह्या पोस्टमनचं काय ऐकतेस? तो आयुष्यभर लोकांच्या दारांचे नंबर बघत आला, चेहरे कधी बघितलेत त्यानं? मी तिला तराजूच्या पलीकडून समोरासमोर बघितलंय. नाक बसकं होतं. मधोमध बसलेलं. मऊ."

"काकू, पण मास्तर तर म्हणाले नाजूक..."

"मास्तरांना स्वतःचं नाक आरशात दिसत नाही, चष्म्याशिवाय."

मधोमधचा दगड गेला. मग मास्तर पुन्हा आले, त्यांना तो बाक सहन होईना. बाक गेला. मग पोस्टमन आला आणि त्याला चुकचुकल्यासारखं झालं. प्रत्येकाचं म्हणणं थोडंसंच होतं, प्रत्येकाला नाही म्हणणं जिवावर येत होतं, आणि प्रत्येकजण समाधानानं घरी जात होता. एका दुपारी छिन्नीताई दोन पावलं मागं सरली, पापण्यांवरची धूळ पुसली आणि बघितलं.

नाक नव्हतं. जिथं नाक असायला हवं तिथं गालांइतकीच सपाट जागा होती, आणि तिच्यात दोन भोकं.

लोहार भट्टी सोडून शेजारी येऊन उभा राहिला. बराच वेळ बघत राहिला.

"चला," तो शेवटी म्हणाला, "एक बरं झालं. हिला आता सर्दी म्हणून होणार नाही."

छिन्नीताई हसली नाही, तेव्हा त्याला कळलं की मामला गंभीर आहे. तिनं पाण्यात भिजवलेलं गोणपाट उचललं, पुतळ्याच्या डोक्यावर टाकलं आणि तिथंच, कपच्यांत, पुतळ्याच्या पायाशी बसकण मारली.

"मास्तरांनी नाजूक केलं, पोस्टमननं बाक दिला, काकूंनी बसवलं," ती म्हणाली. "आणि मी काय केलं? नुसती हातोडी धरली."

"देव माणसं घडवताना दार लावून घेतो, ते किती बरं करतो बघ. नाहीतर आपल्यालाही एकेक नाकपुडी वाट्याला आली असती."

"थट्टा नको हो. मी तिला शब्द दिलाय."

लोहार तिच्यासमोर उकिडवा बसला. "तार घालून नवं नाक बसवू. मी तार देतो अशी..."

"आणि पहिल्या थंडीत ते गळून पडलं म्हणजे? पेशंट म्हणतील, दवाखाना असा आहे."

"मग दुसरा दगड."

तिनं मान वर करून त्या हातांकडे बघितलं. दुसरा दगड म्हणजे हातही दुसरे. ते असे पुन्हा उतरतील का? देव मनगट एकदा धरतो. रोज धरायला तो काही आपला नोकर नाही. लोहारानं तिच्या पाठीवर हात ठेवला, थोडा वेळ तसाच बसला आणि मग भट्टी विझेल म्हणून उठून गेला.

ती तशीच बसलेली असताना दारातून हाक आली. शिंपीण होती. जाड कापडाचा नवा एप्रन शिवून घेऊन आली होती. मैत्रीण जमिनीवर, तीही मुकाट्यानं बसलेली तिनं बघितली. हातातला एप्रन टाकून ती धावत आली आणि छिन्नीताईवर वाकली.

"काय गं? काय झालं? पडलीस का? लागलं कुठं? बघू!"

छिन्नीताईनं वर बघितलं.

छपराच्या काचांतून येणारा उजेड शिंपिणीच्या मागं होता. चेहरा सावलीत, आणि तरी सगळा दिसत होता. गाल जरासे पुढं लोंबलेले, ओठ काहीतरी विचारता विचारता थांबलेले, आणि डोळे. वाकल्यामुळं सगळा चेहराच जणू त्या डोळ्यांत उतरला होता, खाली पडलेल्या माणसाकडे. हा चेहरा छिन्नीताईनं बघितला होता. झाडावरून पडली तेव्हा ह्याच चेहऱ्यानं विचारलं होतं, लागलं कुठं, बघू. गोवर आला तेव्हा रात्रभर हाच चेहरा वर होता.

शिंपीण एरवी आईसारखी मुळीच दिसायची नाही. सगळं गाव म्हणायचं, पोरगी बापावर गेली.

"हलू नकोस!" छिन्नीताई ओरडली.

"का? विंचू आहे का?" शिंपीण जागच्या जागी थिजली.

"विंचू नाही. अजिबात हलू नकोस!"

"साप आहे?"

"अगं, काही नाही! नुसती वाकून राहा!"

"नुसती कशी राहू? माझी कंबर गेली!"

"जाऊ दे कंबर!"

लोहार हातात सांडशी घेऊन धावत आला, कारण त्यालाही साप वाटला. मग दोघी एकीवर एक अशा थिजलेल्या बघून तो सांडशी तशीच धरून उभा राहिला.

छिन्नीताई उठली, तेव्हा आधी तिनं जे करायचं ते केलं. गोणपाट ओढून काढलं आणि म्हणाली, "बघ. मी तुझ्या आईचं नाक घालवलंय. ज्यानं जे सांगितलं ते ऐकत गेले."

शिंपीण कंबरेवर हात ठेवून बघत राहिली. एका बाजूनं बघितलं, दुसऱ्या बाजूनं बघितलं. तिचे ओठ थरथरायला लागले, आणि छिन्नीताईनं डोळे मिटून घेतले. पण कानावर आलं ते हसू.

"अगं, ही आई नाही," शिंपीण पोट धरून म्हणाली, "हे तर आपलं मांजर आहे!"

मांजरानं भिंतीपाशी कान टवकारले. हसता हसता शिंपिणीनं दगडी हातांवर आपला हात ठेवला आणि तिचं हसू हळूच ओसरलं. "हात तिचेच आहेत गं," ती म्हणाली. "हे टाकून द्यायचे नाहीत. काहीही कर."

"ती खाली बघणारी करायची," छिन्नीताई म्हणाली. "बाळाकडे. तुझ्यासारखी वाकलेली."

"दगड वाकतो का?" लोहारानं विचारलं.

वाकत नाही. पण ती कॅलिपर घेऊन स्टुलावर चढली आणि मापं घेत सुटली. चेहरा करताना तिनं हनुवटीखाली, बाळाच्या वर, दगडाचा जाड आधार तसाच सोडला होता. काम चालू असताना मान दुखावू नये म्हणून तो सोडतात आणि अगदी शेवटी काढतात. हनुवटीही मोठी होती, रांगडी, अजून छिन्नी न लागलेली. सगळ्या गावाचं भांडण नाकावर चाललं होतं. हनुवटीबद्दल कुणाला काही म्हणायचं नव्हतं, म्हणून ती सहीसलामत राहिली होती.

मान पुढं झुकवली, की कपाळ जाईल डोक्याच्या टाळूला. सपाट झालेल्या त्या जागेवर येईल भांग. आणि नाक? नाक निघेल हनुवटीतून. हनुवटीखालच्या आधारात तोंड, त्याच्याही खाली नवी हनुवटी, बाळाच्या कपाळाच्या अगदी जवळ. तिनं पुन्हा मोजलं. बसत होतं. केसभर इकडं-तिकडं व्हायला वाव नव्हता, पण बसत होतं.

स्टुलावर उभ्या उभ्या तिनं दगडाच्या डोक्यावर तळहात ठेवला आणि देवाचं नाव घेतलं. मग टिचकी मारली. घंटेसारखा आवाज आला.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "दार लावा."

दार लागलं ते लागलंच. बाहेर लोहार स्टूल टाकून बसला. मास्तर आले.

"कसं चाललंय? जरा बघतो."

"बघा की मास्तर. फक्त आत जागा नाही, कपच्या फार झाल्यात. ही बादली दवाखान्याच्या रस्त्यावरच्या खड्ड्यात ओतून या, तोवर जागा होते."

मास्तरांनी एक बादली नेली. परत आल्यावर दुसरी तयार होती. पोस्टमनच्या सायकलला दोन बादल्या लागल्या. दुकानवाल्या काकूंना तर लोहारानं दाराबाहेर दुसरी छोटी भट्टी मांडून तिचा भाता ओढायला बसवलं आणि "काकू, तुमच्या हाताला काय ताल आहे!" म्हणून अर्धी दुपार ओढायला लावला. गावात नाकाबद्दलची मतं भराभर कमी होत गेली आणि दवाखान्याचा रस्ता नीट झाला.

आत शिंपीण टेबलाला टेकून वाकून उभी राहायची आणि छिन्नीताई खाली बसून वर बघायची. मग उठून दगडापाशी. मग पुन्हा खाली. पुतळ्याकडे मात्र शिंपीण पाठ करून असायची. "पुरी होईपर्यंत मी बघणार नाही," तिनं बजावलं होतं. "एकदाच बघीन. ओळखली तर ओळखली." आणि थोड्या वेळानं, "अगं, कंबर मोडली तर आईच्या शेजारी माझाही पुतळा बसव. आडवा."

छिन्नीताई हसायची, पण तिच्या मनात ती भीती बिछाना अंथरून बसलेलीच होती. मुलीच्या चेहऱ्यातून आईपर्यंत जायचं, आणि मुलीपाशी अडकायचं नाही. मुलीचे गाल कुठं संपतात आणि आईचे कुठं सुरू होतात, हे कॅलिपर सांगत नव्हता. तिनं पुन्हा नाक मोठं ठेवलं, डोळे लहान. ह्या वेळी विचारायला कुणी नव्हतं. एकदा न राहवून तिनं भट्टीच्या दिशेनं विचारलंच, "अहो, कसं वाटतंय?"

"मला छिन्नीची धार विचार," लोहार मान वर न करता म्हणाला. "बाकी तुझं तू आणि तुझा देव."

मग ती विचारायची थांबली. पुतळ्याचे डोळे उघडताना, शेवटच्या दिवसांत, ती गायचीही थांबली. नुसता हातोडीचा टिकटिक आवाज, आणि मध्ये फुंकर.

पुतळा दवाखान्याच्या अंगणात उभा केला त्या सकाळी सगळं गाव जमलं. ट्रॅक्टरनं आणला, कप्पीनं उतरवला, वर चादर. अगदी सुरुवातीला दगडाच्या काठावरून उडवलेला एक मोठा तुकडा छिन्नीताईनं पुतळ्याच्या पुढ्यात टाकला होता, गुडघ्याएवढा, वरून घोटून गुळगुळीत केलेला. तो कशाला, असं सगळ्यांनी विचारलं. ती म्हणाली, "असाच."

चादर ओढली.

दिसत होता तो अंबाडा, भांग, आणि बाळावर वाकलेले खांदे.

"पोरी," मास्तर म्हणाले, "चेहरा कुठाय?"

"खाली आहे, मास्तर."

"खाली काय? काही पडलंय का तिचं?" पोस्टमन म्हणाला.

"बघा बाई!" दुकानवाल्या काकूंनी गालाला हात लावला. "आपण एवढं नाक नाक केलं, आणि हिनं नाकच लपवून टाकलं! फोटोत पाठ आणि पुतळ्यात अंबाडा. जन्मभर तेच केलं हो मावशीनं!"

लोक हसले. छिन्नीताई हसली नाही. ती शिंपिणीकडे बघत होती. गर्दीतून वाट काढत शिंपीण पुढं आली होती, टेप गळ्यात तशीच. तिनं त्या अंबाड्याकडे बघितलं, हातांकडे बघितलं, मग पुढ्यातल्या दगडाकडे बघितलं. हळूच त्याच्यावर बसली. बसली तरी नीट दिसेना, म्हणून मागं हात टेकून रेलली, लहान मूल अंथरुणात पडतं तशी. आणि तिनं वर बघितलं.

छिन्नीताईच्या हातातली चादर मुठीत गोळा झाली.

शिंपिणीचा चेहरा मोकळा झाला, सगळ्या सुरकुत्या कुठल्या कुठं गेल्या. आणि मग, आजूबाजूला अख्खं गाव उभं आहे हे विसरून, झोपाळू, जराशा चिडक्या आवाजात ती म्हणाली, "उठते ना गं. थोडं पडू दे."

आपण काय बोललो हे तिचं तिलाच मग ऐकू आलं. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बोटांच्या फटींतून हसू येत होतं आणि पाणीही. "रोज अशीच यायची," ती म्हणाली. "रोज सकाळी अशीच वर यायची आणि म्हणायची, ऊठ. आणि मी कसा विसरले गं हा चेहरा? कसा विसरले?"

छिन्नीताई तिच्याजवळ जाऊन बसली. दोघींना त्या दगडावर जागा पुरत नव्हती, तरी बसल्या.

मग काय विचारता! रांग लागली. पोस्टमन बसला, रेलला. उठला तेव्हा डोळे पुसत म्हणाला, "बाक आहे. मी सांगत नव्हतो?" दुकानवाल्या काकू बसल्या, बराच वेळ बसल्या, आणि म्हणाल्या, "बसकंच आहे. मऊ. तराजूसमोर अश्शीच उभी राहायची." मास्तरांचे गुडघे दुखरे. त्यांना दोघांनी धरून बसवलं, पण एकदा वर बघितल्यावर मास्तर उठेनात. लोहार आणि पोस्टमन दोन्ही बाजूंनी ओढायला लागले, तर मास्तर म्हणाले, "थांबा रे, ती काहीतरी विचारतेय." शेवटी उठले, चष्मा पुसला. "नाजूक," ते म्हणाले. "मी म्हटलं होतं."

ह्या गोष्टीला आता काही दिवस झालेत. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंची एकच तक्रार आहे. नाव पुकारलं तरी लोक आत येत नाहीत. मावशीखाली रेलून बसलेले असतात आणि म्हणतात, दुसऱ्याला घ्या, मला आता बरं वाटतंय.

छिन्नीताईला मात्र स्वतःला तिथं बसायला सवड मिळाली ती एका संध्याकाळी, अंगण रिकामं झाल्यावर. ती रेलली. दगडाच्या सावलीत तो चेहरा तिच्यावर वाकला होता, आणि तिच्या डोक्यातला हातोडीचा सगळा आवाज थांबला. पहिल्यांदा डोळे उघडले तेव्हा आपणही असंच बघितलं असेल, असं तिच्या मनात आलं, आणि आपोआप तिच्या ओठांवर देवाचं नाव आलं.

बाजूला लोहार सायकलला टेकून वाट बघत होता. बराच वेळ गेला.

"मग?" त्यानं विचारलं. "तू केलेलं तूच सांग. शेवटी नाक कसं झालंय?"

छिन्नीताई गडबडून उठून बसली.

"अहो, नाक बघायचं राहिलंच!"

"मग उद्या बघ," लोहार म्हणाला, आणि तिला हात देऊन उठवलं. "ती आता कुठं पळून जातेय!"